दोन-दोनांचा वाडा : प्रकल्प नोंदी

2 जून 2024, रविवार

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं. संगणकावरच्या खेळासाठी बनवत होतो तो मागचा मॅप (खेळातलं मैदान) सहा महिने रखडून बंद पडला आणि नेमका कुठे बिघडला, हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. आम्ही तिघं म्हणजे मी, माझा मामेभाऊ आणि सोलापूरचा जुना मित्र. तिघंही नोकरीवाले, त्यामुळे काम शनिवार-रविवारीच होणार.

करायचंय ते असं : काउंटर-स्ट्राइक 2 या गोळीबाराच्या खेळातल्या विंगमन मोडसाठी एक छोटा मॅप. विंगमनमध्ये दोघांसमोर दोघे असतात. 2017 साली ऑपरेशन हायड्राच्या वेळी हा प्रकार आला आणि लोकांना आवडला म्हणून टिकला. हल्लेखोरांनी बॉम्ब लावायची जागा एकच, राउंड दीड मिनिटाचा, एकूण 16 राउंड, आधी 9 जिंकेल त्याचा सामना. बॉम्ब लागला की 40 सेकंदांत फुटतो. खेळातले बरेचसे विंगमन मॅप मूळचे पाच-पाच जणांचे आहेत. इन्फर्नो, ओव्हरपास अशांचा एक तुकडा ठेवून बाकीचे रस्ते बुजवलेले असतात. आम्हाला दोघांसाठीच जन्मलेला मॅप करायचाय.

सोलापूरकर आणि मी एकाच सायबर कॅफेतले. काउंटर-स्ट्राइक 1.6 चा जमाना, तासाला वीस रुपये, आणि चौघं जमलो की दुसरं काही नाही, फक्त आइसवर्ल्ड हा मॅप. चार ठोकळे आणि मोकळी जागा. जमिनीवर बंदुका पडलेल्या, उचला आणि सुटा. त्यात डावपेच म्हणावे असे काही नव्हतेच, पण अर्ध्या मिनिटात निकाल लागायचा आणि मागे उभा राहिलेला पोरगा "आता माझा नंबर" म्हणून खुर्ची हलवायला लागायचा. ती घाई मला हवी आहे. फक्त तिच्यात थोडं डोकं लागायला हवं.

विषय मामेभावाने सुचवला : वाडा. देवडी, चौक, ओसरी, माजघर, माडी, परसू. "दादा, आयता मॅप आहे हा. भिंती घालायच्या आणि सोडून द्यायचं."

8 जून, शनिवार

वहिनी आर्किटेक्ट आहे. तिने कॉलेजात असताना मोजलेल्या एका दुचौकी वाड्याचा नकाशा काढून दिला. मालकाचं नाव खोडलेलं, मापं शाबूत. साधारण 60 फूट रुंद, 100 फूट लांब.

खेळातला माणूस उभा 72 युनिट उंच असतो. तो सहा फुटी धरला तर फुटाला 12 युनिट, म्हणजे इंचाला एक. हिशेब सोपा. मी दुपारभर बसून वाडा जसाच्या तसा हॅमर या मॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा केला. एका रंगाच्या राखाडी भिंती, पोत नाही, दारं नाहीत.

हातात सुरी घेऊन माणूस सेकंदाला 250 युनिट धावतो. रस्त्यावरून सुटलो, देवडी, पुढचा चौक, माजघर, मागचा चौक. चार सेकंद. पुन्हा पळालो, पुन्हा चारच. वीस फुटांचा चौक म्हणजे 240 युनिट, एका सेकंदात संपतो. ज्या ओसरीवर पंगत बसायची ती खेळात कपाटाएवढी वाटते.

वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "भावजी, माझं माप चुकलेलं नाही. तुमचा माणूस ताशी पंचवीस किलोमीटरने घरातून पळतोय, त्याला घर पुरेल कसं?"

मी गुणाकार केला. बावीस-तेवीस येतात. पण मुद्दा तिचाच बरोबर आहे.

9 जून, रविवार

आडवी मापं दुप्पट केली, उंची दीडपट. लगेच बरं वाटलं. आता बाहेरून मागच्या चौकात यायला साडेआठ सेकंद लागतात. हातात एके-47 असेल तर वेग 215 वर येतो, मग दहाच्या जवळपास. खांब मात्र दुप्पट केले नाहीत, ते बेढब दिसतात. हे पुढे नडणार असं सोलापूरकर म्हणतोय. बघू.

16 जून, रविवार

पहिल्यांदा चौघं खेळलो (चौथा मामेभावाचा रूममेट). हल्लेखोर रस्त्यावरून येणार, बचाववाले परसातून. बॉम्बची जागा मागच्या चौकाला लागून.

दहा राउंड झाले. हल्लेखोर एक जिंकले, तोही बचाववाल्याने स्वतःच लावलेल्या आगीवर पाय दिला म्हणून.

कारण उघड आहे, तरी मला ते आज पडद्यावर बघेपर्यंत सुचलं नव्हतं. वाडा बांधलाच मुळी आत शिरता येऊ नये म्हणून. रस्त्याकडे कोरी भिंत, एकच महादरवाजा, त्यात दिंडी, दिंडीतून वाकून आत गेलात की देवडीत पहारेकरी. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा गवंड्याने बचाववाल्यांच्या बाजूने मॅप काढून ठेवलाय आणि आम्ही तो तसाच उचलला.

शिवाय दिंडी मी हौसेने खऱ्या मापाची, 60 युनिट उंच ठेवली होती. उभा माणूस 72, बसलेला 54. म्हणजे वाकल्याशिवाय जाता येत नाही, आणि वाकून चालायचा वेग धावण्याच्या साधारण तिसरा हिस्सा. माजघरात एडब्ल्यूपी ही दुर्बिणीची बंदूक घेऊन बसलेल्या मामेभावाने एकेकाला दिंडीतून बाहेर पडताना टिपलं. "दादा, हे म्हणजे उंदराच्या बिळासमोर मांजर," तो म्हणाला. त्याला गंमत वाटत होती, मला नाही.

रात्री कागदावर आकडेमोड. बचाववाले दोन. रस्ते दोन असले तर प्रत्येकाने एक धरायचा आणि गप्प बसायचं, संपला खेळ. रस्ता एक असला तर आज झालं ते. म्हणून रस्ते तीन हवेत : राखणारे जितके, त्याहून एक जास्त. तिसऱ्या वाटेवर कान ठेवायचा की पाय, हे ठरवण्यात बचाववाल्याचा जीव अडकला पाहिजे. चार केले तर बचाव उरतच नाही, नुसती धावपळ होते.

तीन वाटा ठरल्या. पहिली महादरवाज्याची, पण आता एक फळी उघडी आणि दुसऱ्या फळीत दिंडी. दुसरी वाड्याच्या कडेचा बोळ, तिथून थेट मागच्या चौकात उघडणारं दार. असं दार त्या नकाशात नाही. वहिनीने "पुढच्या पिढीने वाटणीनंतर पाडलं असेल" असं म्हणून परवानगी दिली. तिसरी भिंतीतला जिना, वर माडी, आणि माडीच्या सज्जातून खाली चौक.

23 जून, रविवार

आज बांधकाम नाही. दुसऱ्यांचे छोटे मॅप बघत बसलो.

लोक "छोटा मॅप" म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात. कॉल ऑफ ड्यूटीचं शिपमेंट (2007) म्हणजे कंटेनरांनी भरलेला चौकोन. रस्ट (2009) म्हणजे मधोमध लोखंडी मनोरा आणि भोवती अंगण. न्यूकटाउन (2010) म्हणजे समोरासमोर दोन घरं, मध्ये बस. हे सगळे मेल्यावर लगेच परत येण्याच्या खेळासाठी लोकांना आवडतात. तिथे लहानपणाचा उपयोग गोंधळासाठी. पाठीत गोळी बसली तर बसली, तीन सेकंदांत पुन्हा उभे. मामेभाऊ बीजीएमआय या मोबाइलच्या खेळात रात्री-अपरात्री वेअरहाउस खेळतो तेही त्यातलंच : चार विरुद्ध चार, आधी 40 बळी. तिथे मॅप कितीही अन्यायी असला तरी चालतो, कारण अन्याय दर पाच सेकंदांनी वाटून दिला जातो.

परत यायचं नसेल तर सगळं बदलतं. कॉल ऑफ ड्यूटीच्याच मॉडर्न वॉरफेअर (2019) मधला गनफाइट हा प्रकार मला म्हणूनच फार नीट विचार केलेला वाटतो. दोन विरुद्ध दोन, सगळ्यांच्या हातात सारखीच शस्त्रं, दर दोन राउंडांनी ती बदलणार. लागलेली जखम भरून येत नाही. राउंड 40 सेकंदांचा. तेवढ्यात निकाल नाही लागला तर मधोमध झेंडा येतो, तो ताब्यात घ्या. कोपरा धरून बसणाऱ्याला उठवायची ही युक्ती आहे. किंग, पाइन, स्टॅक असे त्यांचे मॅप एका नजरेत समजतात.

विंगमनमध्ये ते काम बॉम्ब करतो. आधी घड्याळ हल्लेखोरांच्या मानेवर, बॉम्ब लागला की तेच घड्याळ बचाववाल्यांच्या मानेवर. म्हणून आपल्याला झेंड्याबिंड्याची गरज नाही, पण बॉम्ब लागल्यानंतर परत आत शिरायची वाट जिवंत हवी. आमच्याकडे बचाववाल्यांना परसातून एकच दार आहे. हे लक्षात ठेवायचं.

जाता जाता : सेकंद मोजण्याचं व्यसन या खेळांना फार जुनं. क्वेक 3 (1999) मध्ये लाल चिलखत दर 25 सेकंदांनी आणि मेगाहेल्थ दर 35 सेकंदांनी परत यायचं. चांगले खेळाडू गोळ्या झाडता झाडता मनात ते पाढे म्हणायचे. मी तेव्हाही त्यात कच्चा होतो.

30 जून, रविवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, घरी पाहुणे. संध्याकाळी तासभर मिळाला त्यात फक्त जिना दुरुस्त केला. 18 युनिटपर्यंतची पायरी माणूस आपोआप चढतो, पण पायरीगणिक नजर हिंदकळते. म्हणून पायऱ्यांवर न दिसणारा उतार घातला. दिसायला जिना, पायाला घसरगुंडी.

7 जुलै, रविवार

आज आईने मॅप पाहिला. चहा द्यायला आली होती.

"हे काय, देवघर का?"

हो म्हणालो. मागच्या चौकाला लागून देवघर होतं, खोली बरोबर आकाराची, दोन दारांची, बॉम्बची जागा तिथेच केली होती.

"आणि ते तांबडं चौकोन काढलंयस ते?"

सांगितलं. आई काही बोलली नाही, कप ठेवून गेली. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून आवाज आला, "घरात दुसरी खोली नाहीये का रे?"

आहे. कोठीची खोली आहे. धान्याच्या कणग्या, खाली बळद. खरं तर खेळालाही तीच बरी, कणग्या आडोशाला येतात आणि देवघरात गोळीबार नको. बॉम्ब कोठीत हलवला, देवघराचं दार कायमचं बंद करून आत फक्त समईचा उजेड ठेवला. तोच न्याय लावून चौकातलं तुळशीवृंदावनही काढलं. तसंही बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत अडकायचे. मामेभाऊ म्हणाला, "निदान ते तरी श्रद्धाळू होते."

वृंदावनाच्या जागी हौद. कठडा 48 युनिट.

14 जुलै, रविवार

आजची नोंद लांबणार, कारण आज खरं काहीतरी सापडलं.

आतापर्यंत मी सगळं डोळ्यांनी बघत होतो. कोण कुणाला कुठून दिसतो, रेघा मारत होतो. आज आठ राउंड मी खेळलो नाही, मागे बसून नुसते चौघांचे आवाज ऐकले. बंदुकांचे नाही, त्यांच्या बोलण्याचे.

"माडीवर एक." "बोळात एक." झालं. एवढं कळल्यावर बाकीचा अख्खा वाडा रिकामा आहे हे दोघांनाही समजतं. पाच-पाचच्या खेळात दोघांची पावलं ऐकू आली तरी तिघं कुठेतरी असतात आणि ती भीती शेवटपर्यंत राहते. इथे दोन पावलं ऐकली की सगळी माहिती संपली. त्यापुढचा राउंड म्हणजे नुसती नेमबाजी. आमचे राउंड आठव्या सेकंदालाच फिके पडतात त्याचं कारण हे होतं, आणि आम्ही गेले दोन आठवडे भिंती सरकवत बसलो होतो.

मग जमिनीकडे पाहिलं. मी माडीची सगळी जमीन लाकडी केली होती, कारण खऱ्या वाड्यात ती लाकडीच. लाकडावर पाऊल खाडखाड वाजतं. माडीवरची वाट म्हणजे दवंडी पिटत येण्यासारखी झाली होती. हळू चालता येतं, आवाज होत नाही, पण हळू चालत आलो तर बारा सेकंदांची वाट पंचवीसच्या आसपास जाते. 90 सेकंदांच्या राउंडात हे परवडतं का? परवडतं, पण एकदाच. मधेच विचार बदलून परत फिरलो तर बॉम्ब लावायला वेळ उरत नाही.

हे वाईट नाही, उलट हाच सौदा हवा आहे. आवाज करून लवकर पोचा, किंवा गुपचूप उशिरा. प्रत्येक वाटेला तो दर वेगळा लावायचा, एवढंच करायचं होतं :

बोळ सर्वांत जवळचा, पण फरसबंदी आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती, आवाज चोख. महादरवाज्यातून पुढच्या चौकात आलं की अर्धं अंगण शेणाने सारवलेल्या मातीचं, पावलं दबून येतात, पण उघड्यावर. माडीवर लाकूड, मात्र मधल्या खोलीत सतरंजी अंथरली. सतरंजीवरून तीन-चार पावलं बिनआवाजी पळता येतं. खालच्याला पावलं ऐकू येतात, मग थांबतात, आणि तो थांबला आहे की सतरंजीवरून सज्जाकडे निघालाय हे कळत नाही. दोन सेकंदांची शंका. आज रात्री उशिरा घातली आणि लगेच दोन राउंड शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत गेले.

दिंडीचाही उद्धार झाला. वाकून चालताना आवाज होत नाही. उघड्या फळीतून कुणी धावत गेलं की दुसरा मागून दिंडीतून सरपटत येतो, आणि ऐकणारा समजतो की पुढून एकच आला. महिनाभर ज्या दाराला शिव्या घातल्या ते आता सोलापूरकराचं लाडकं आहे. "मीच तर म्हणलो होतो बे, काढू नको," म्हणतोय. म्हणाला नव्हता.

तक्तपोशीवरून, म्हणजे माडीखालच्या लाकडी छतावरून, वाद झाला. लाकडातून गोळी आरपार जाते, त्यामुळे माजघरातून छताकडे झाडून माडीवरचा माणूस मारता येतो. मामेभावाला ते फार आवडलं. वहिनीचं म्हणणं, तक्त्यांवर मातीचा जाड थर असतो, गोळी जाणार नाही. शेवटी सज्जाजवळच्या एका खणात तक्ते उघडे ठेवले, बाकी ठिकाणी माती. दोघंही थोडे नाराज, म्हणजे बरोबर झालं असावं.

25 जुलै, गुरुवार

काल रात्रीपासून पाऊस थांबलेला नाही. नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलंय, ऑफिसने घरी थांबायला सांगितलं. सकाळी वाटलं, मॅपवर दिवस मिळाला. अकराला वीज गेली ती संध्याकाळी सहाला आली. गेली त्या वेळी मी फाइल साठवत होतो. उघडेना. तीन दिवसांचं काम गेलं, कोठीतल्या सगळ्या कणग्या आणि परसाचं नवं दार.

आता दर शनिवारी एक प्रत सोलापुरात. तिकडे एवढा पाऊस पडत नाही.

4 ऑगस्ट, रविवार

कणग्या परत. परसाकडून कोठीत यायला आता दोन वाटा : दार आणि विहिरीकडची खिडकी. खिडकीचा उंबरा 60 वर. उडी मारताना पाय आखडले की चढता येतं, पण चढताना धप्प आवाज होतो. बॉम्ब लागल्यावर परत शिरायचा प्रश्न यामुळे बराच सुटला.

धुराने मात्र घोळ घातला. काउंटर-स्ट्राइक 2 मधला धूर जागेप्रमाणे पसरतो. मोकळ्या अंगणात गोळा होऊन राहतो, पण कोंडलेल्या खोलीत टाकला की भिंतींना आपटून दारा-जिन्यातून बाहेर वाहतो. खेळातल्या 300 डॉलरचा एक स्मोक (धुराचा ग्रेनेड) माजघरात टाकला की माजघर, जिन्याचं तोंड आणि देवडीचा अर्धा भाग आंधळा. दोघांच्या खेळात दोन स्मोक म्हणजे वाडा पेटल्यासारखा. ग्रेनेड फोडून किंवा गोळ्या झाडून क्षणभर भोक पाडता येतं, पण तेवढ्यासाठी पैसे कुणाकडे असतात?

माजघराची उंची वाढवली आणि छताखाली धुराडं म्हणून मोठी फट सोडली. धूर तिकडे जातो, खाली पातळ राहतो. वहिनीला विचारलं, असं असतं का. म्हणाली, "स्वयंपाकघरावर असतं, माजघरावर नाही. पण तुमचं माजघर आता बावीस फूट उंच आहे भावजी, धुराड्याला कोण हसतंय."

दुसरा प्रकार : मामेभावाने रस्त्यावरूनच छपरावरून मोलोटोव्ह (पेटती बाटली) फेकून परसाच्या दारात पाडायला सुरुवात केली. बचाववाले निघायच्या आत दारात आग. मोठ्या मॅपवर अंतरच अशा फेकीला रोखतं, इथे ते काम हाताने करावं लागतं. कौलांच्या वर ग्रेनेड अडवणारी अदृश्य भिंत घातली, फक्त पुढच्या चौकावर उघडी ठेवली. मामेभाऊ दोन दिवस बोलला नाही.

15 ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. बाहेरचे चौघं बोलावले, ज्यांनी मॅप कधीच पाहिला नव्हता. तीन पूर्ण सामने. निकाल 9-6, 9-7, 5-9. कोणती बाजू किती जिंकली हेही मोजलं, हल्लेखोर थोडे मागे, पण जूनसारखं नाही.

त्याहून कामाचं होतं ते बघणं. नव्या माणसाला पहिल्या दोन राउंडांत वाटा पाठ झाल्या, हे उत्तम. पण पहिला माणूस पडला की तोल एकदम जातो. पाचातला एक गेला तर पाचवा हिस्सा गेला, इथे निम्मं घर गेलं. उरलेला एकटा दोघांना कसा तोंड देणार? त्याला एकेकाला वेगळं गाठता आलं पाहिजे. पुढच्या चौकात ते जमतं, खांब आहेत, ओसरी आहे, फिरायला गोल वाट आहे. मागच्या चौकात जमत नाही. तिथे तो हौदामागे बसतो आणि मरतो.

हौदाचं गणितही आज सापडलं. कठडा 48. बसलेल्याचे डोळे 46 वर, डोक्याचं टोक 54 वर. म्हणजे बसलेल्याला समोरचं काही दिसत नाही, पण समोरच्याला त्याच्या टाळूचा सहा युनिटचा पट्टा दिसतो. लपला असं समजून माणूस डोकं बाहेर ठेवून बसतोय! 56 करून पाहिलं. मग बसलेला पूर्ण झाकला जातो, पण उभं राहिलं की फक्त डोकं वर येतं आणि त्याला कुणी हलवू शकत नाही. आता 40 वर आणलाय. तो बघू शकतो, दिसूही शकतो. सौदा उघड.

मागच्या चौकाला दोन खण पडवी वाढवली, म्हणजे एकट्याला फिरायला जागा.

25 ऑगस्ट, रविवार

उजेडाचं काम सोलापूरकराच्या मशीनवर, माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपत नाही. मागच्या आठवड्यात तिघं मिळून विश्रामबाग वाड्यात जाऊन खांब बघून आलो. 1807 चा वाडा, सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यावर महिरपी. फोटो भरपूर काढले. मामेभावाने एका खांबामागे लपून बघितलं, तेव्हा तिथल्या रखवालदाराने विचारलं की काही हरवलंय का.

खांबांनी सोलापूरकराचं भाकीत खरं केलं. आमचे खांब 24 युनिट जाड, माणूस 32 रुंद. कितीही सरळ उभा राहिला तरी दोन्ही बाजूंनी खांदे दिसतात. सुरूदार खांब वर निमुळता होतो, म्हणजे डोक्याच्या उंचीवर आडोसा आणखी कमी. जिथे लपायचं तिथले खांब 40 चे चौकोनी केले, कोरलेले खांब फक्त ओसरीच्या शोभेला. जो खांब जाड तो आडोसा, जो नाजूक तो नाही, हे खेळणाऱ्याला लांबून कळतं. वहिनी म्हणाली, असे जाड खांब वाड्याला नसतात, बस स्थानकाला असतात.

अंधाराचंही तसंच. खरं माजघर काळोखाचं असतं, दिवसाही. पहिल्यांदा तसंच केलं, सुंदर दिसत होतं आणि कुणाला कुणी दिसत नव्हतं. सागवानी भिंतीपुढे तपकिरी कपड्यातला माणूस म्हणजे भिंतच. शेवटी माणसाच्या उंचीपर्यंत सगळीकडे चुन्याची पांढरी भिंत, लाकूड वर आणि खाली. नक्षी नजरेच्या रेषेत कुठेच नाही. अर्धी कोरीव कामं छताला गेली, तिथे ती कुणी बघणार नाही.

8 सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज आरतीनंतर हॉलमध्ये दोन लॅपटॉप, आतल्या खोलीत दोन, सगळी चुलत-मामे भावंडं आळीपाळीने. सातवीतली पुतणी पहिल्यांदाच खेळत होती. सतरंजीवर जाऊन ती नुसती उभी राहिली, खालचा तिचा काका वाट बघून कंटाळून वर आला आणि गेला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. "पाय वाजत नव्हते ना," म्हणाली.

शेवटचा सामना 9-7. आईने जाता जाता पडद्यावर देवघराचं दार बंद आहे ना ते पाहिलं आणि मोदकाचं ताट ठेवलं.

राहिलेलं : विहिरीच्या रहाटावर दोघं एकमेकांच्या डोक्यावर चढून कौलांवर जातात, तिथे अदृश्य भिंत. बोळाच्या दारात बॉट अजून अडकतो. हौदाचा कठडा 40 वर जरा उघडा वाटतोय, 44 करून बघायचा.